व्यवसाय-संशोधनात सहभागी होणाऱ्यांना मोबदला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नावलीतल्या एकेका शब्दावर आठवडाभर वाद घालणारी माणसं उत्तर देणाऱ्याला काय द्यायचं हे मात्र शेवटच्या दिवशी, उरल्यासुरल्या पैशांत ठरवतात. मग मुलाखतीला कोणी फिरकत नाही, किंवा भलतेच लोक गर्दी करतात, आणि त्यानंतर हे प्रश्न विचारले जातात. खाली ते साधारण ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घेतले आहेत.

मुळात काही द्यायलाच हवं का?

दरवेळी नाही. नेहमीचा ग्राहक आहे, प्रश्न तीन आहेत आणि विषय त्याच्याच अडचणीचा आहे, तर सरळ विचारा. दोन मिनिटांच्या कामाचे पैसे पुढे केले तर माणूस उलट सावध होतो.

पण फुकट विचारलं म्हणजे काहीच खर्च झाला नाही, असं समजू नका. रॉबर्ट ग्रोव्हज, एलिनॉर सिंगर आणि एमी कॉर्निंग यांनी २००० साली एक साधी गोष्ट मांडली. सर्वेक्षणात भाग घ्यायचा की नाही हे ठरवताना प्रत्येकजण वेगळ्या गोष्टीला वजन देतो. कोणाला विषयाची ओढ असते, कोणाला विचारणाऱ्या संस्थेबद्दल आदर असतो, कोणाला पैसे हवे असतात. विषयाची ओढ नसलेला माणूस आणायचा तर दुसरं काहीतरी पारड्यात टाकावं लागतं. काहीच टाकलं नाही तर तुमच्याकडे येतात ते तुमच्यावर खूश असलेले आणि तुमच्यावर चिडलेले. मधले, म्हणजे बहुसंख्य, घरीच राहतात. अशा उत्तरांवर उभा राहिलेला अहवाल वाचायला मोठा रंगतदार असतो, आणि तिथेच त्याचा उपयोग संपतो.

याला म्हणायचं काय? मोबदला, मानधन, बक्षीस की भेट?

शब्दाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण निमंत्रणात लिहिलेला शब्द वाचून माणूस आपली भूमिका ठरवतो. ‘बक्षीस’ म्हटलं की काहीतरी जिंकायचं आहे असं वाटतं, आणि जिंकण्यासाठी बरोबर उत्तर द्यायला हवं असंही वाटतं. ‘फी’ किंवा ‘मेहनताना’ म्हटलं की तो तुमचा कामगार झाला, आणि कामगार मालकाला आवडेल ते बोलतो. तासाभराच्या मुलाखतीसाठी मला ‘मानधन’ बरा वाटतो, छोट्या प्रश्नावलीसाठी ‘छोटीशी भेट’. वाक्यही तसंच ठेवावं: ‘तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल’. ‘तुम्ही दिलेल्या उत्तरांबद्दल’ असं लिहू नये. पैसे वेळेचे असतात, उत्तरांचे नसतात.

आधी द्यावं की नंतर?

या प्रश्नावर जितका अभ्यास झाला आहे तितका या क्षेत्रात क्वचितच कशावर झाला असेल, आणि निष्कर्ष व्यापारी मनाला पटत नाही. माल हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत ही आपली शिकवण. सर्वेक्षणाच्या बाबतीत ती चुकते.

ॲलन चर्च यांनी १९९३ मध्ये टपाली प्रश्नावल्यांवरचे ३८ अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रश्नावलीसोबतच पैसे पाठवले तेव्हा प्रतिसाद सरासरी १९ टक्केबिंदूंनी वाढला. सोबत एखादी वस्तू पाठवली तेव्हा सुमारे ८ ने. उत्तर आल्यावर देऊ, या आश्वासनाचा म्हणण्यासारखा परिणाम दिसलाच नाही.

याहून बोलकं उदाहरण धंद्याच्या जगातलंच आहे. जिनीन जेम्स आणि रिचर्ड बोलस्टीन यांनी अमेरिकेतल्या लहान कंत्राटदार कंपन्यांच्या मालकांना प्रश्नावली पाठवली. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. काहीच न दिलेल्या गटातून साधारण ५२ टक्के उत्तरं आली. उत्तर पाठवल्यावर ५० डॉलर मिळतील असं सांगितलेल्या गटातून ५७ टक्के. आणि पाकिटात नुसती एक डॉलरची नोट ठेवलेल्या गटातून ६४ टक्के.

एक डॉलरने कंपनीच्या मालकाचं काय होणार? काहीच नाही. पण पन्नास डॉलर ‘देऊ’ म्हटलं की तो व्यवहार होतो, आणि मालकाला व्यवहार कळतो: माझ्या अर्ध्या तासाचे एवढे, नको. पाकिटातला एक डॉलर मात्र आधीच त्याच्या हातात आहे. समोरच्याने विश्वास टाकला आहे, आणि आता गप्प बसणं हे त्याला स्वतःलाच थोडं खटकतं. सर्वेक्षणाच्या पद्धतीवर आयुष्यभर काम केलेले डॉन डिलमन १९७० च्या दशकापासून हेच सांगत आले: प्रतिसाद हा खरेदी-विक्रीपेक्षा देण्याघेण्याच्या शिष्टाचाराच्या जवळचा असतो.

व्यवहारात सगळीकडे आधी देणं जमत नाही, हेही खरं. ऑनलाइन प्रश्नावली हजारोंना जात असेल तर प्रत्येकाला आधी पैसे पाठवणं परवडत नाही. मोजक्या, ओळखीच्या यादीतल्या दोनशे कंपन्यांकडून उत्तरं हवी असतील तर मात्र आधीच छोटी भेट पाठवा. पुन्हापुन्हा स्मरणपत्रं धाडणं आणि फोन करणं यावर जो वेळ जातो तो वाचतो. तासभराच्या मुलाखतीला रक्कम नंतरच द्यायची असते, तिथे हा नियम लावू नका; तिथे देणंघेणं आधीच ठरलेलं असतं आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

थोडंसं दिलं तर चालेल का? काहीच नसण्यापेक्षा बरं ना?

आधी दिलेलं थोडं चालतं. कामाचा दर म्हणून सांगितलेलं थोडं चालत नाही. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांच्या २००० सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बुद्धिमापनाचे प्रश्न सोडवायला दिले होते. दर बरोबर उत्तरामागे अगदी नगण्य रक्कम मिळालेल्यांची कामगिरी काहीच न मिळालेल्यांपेक्षा वाईट झाली; रक्कम वाढवल्यावर ती सुधारली. कवडीमोल दर सांगितला की माणूस मनातल्या मनात आपली किंमत काढतो आणि तेवढंच काम करतो. म्हणून पंचेचाळीस मिनिटांच्या मुलाखतीला देण्यासारखे पैसे नसतील तर दरच सांगू नका. मदत मागा, आणि मदतच मागितली आहे हे स्पष्ट असू द्या.

रक्कम ठरवायची कशी?

सूत्र सांगा असं लोक म्हणतात. मी हिशेब असा करतो: समोरच्याच्या कामाचा तासाचा साधारण मोल किती, त्याचा किती वेळ जाणार (तयारी, प्रवास, मध्येच वाट पाहणं धरून), आणि त्याच्यासारखा माणूस शोधणं किती अवघड आहे. पहिल्या दोन गोष्टींचा गुणाकार ही खालची पायरी. तिसरी गोष्ट रक्कम वर ढकलते. एका विशिष्ट यंत्राची खरेदी ठरवणारी माणसं साऱ्या देशात शंभरच असतील, तर त्यांच्यासाठी खालच्या पायरीला काही अर्थ उरत नाही.

वाढवत नेलं की परिणाम वाढतच जातो असं नाही. पहिल्या काही रकमेत प्रतिसाद झपकन वर जातो, पुढची प्रत्येक भर कमी कमी काम करते. म्हणून अंदाजावर सगळा निधी लावण्याआधी यादीतल्या तीस-चाळीस जणांवर दोन वेगळ्या रकमा पडताळून पाहा. हा आकडा संख्याशास्त्राच्या दृष्टीने अपुरा आहे, पण एकही होकार आला नाही तर रक्कम चुकली की निमंत्रणच चुकलं, हे शोधायला तेवढा पुरतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा निमंत्रण चुकलेलं असतं.

मोठ्या हुद्द्याची माणसं पैशांना भुलत नाहीत. त्यांना काय द्यायचं?

त्यांना त्यांच्या उपयोगाचं काहीतरी द्या. अभ्यासाचे निष्कर्ष इतरांच्या आधी वाचायला मिळणं, आपल्या कंपनीची स्थिती बाकीच्यांच्या सरासरीशी ताडून पाहता येणं, किंवा नंतर अर्धा तास संशोधकाशी मोकळं बोलता येणं. वित्तप्रमुखाला गिफ्ट कार्ड पाठवलं तर तो ते मदतनिसाला देईल. त्याच्या क्षेत्रातल्या खर्चाची तुलना पाठवली तर ती तो स्वतः उघडेल.

एकच अट: सारांश देऊ म्हटलं असेल तर तो द्या, आणि वाचण्यासारखा द्या. ‘बहुतांश प्रतिसादकांनी गुणवत्तेला महत्त्व दिले’ असली दोन पानं पाठवली की पुढच्या वर्षी त्या माणसाचा फोन उचलला जात नाही. इतरांची उत्तरं त्यात ओळखू येणार नाहीत हेही तपासा. पाचच कंपन्या असलेल्या गटाची सरासरी दिली तर प्रत्येकाला उरलेल्या चौघांचा अंदाज बांधता येतो.

रोख, गिफ्ट कार्ड की वस्तू?

रोख किंवा रोखीसारखं. घेणाऱ्याला ते कुठेही वापरता येतं, आणि प्रयोगांतही वस्तूंपेक्षा पैसे सरस ठरतात. गिफ्ट कार्ड द्यायचं तर दोन-तीन पर्यायांतून निवडू द्या, त्याची मुदत आणि ते कुठल्या देशात चालतं ते आधी बघा. कंपनीचं नाव छापलेली पेनं, वह्या आणि पाण्याच्या बाटल्या लोकांकडे आधीच पुरेशा आहेत.

आमच्याच उत्पादनावर सवलत दिली तर?

देऊ नका. सवलत घ्यायला माणसाला स्वतःचे पैसे खर्च करावे लागतात, म्हणजे तुम्ही त्याला भेट दिली नाही, विक्री केली. संशोधनाच्या आडून विक्री करणं या पेशात फार जुनं पाप मानलं जातं. युरोपातली संशोधकांची संघटना एसोमार हिने आपली पहिली आचारसंहिता १९४८ साली केली, आणि १९७७ पासून ती आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळासोबत एकत्रितपणे निघते. संशोधन आणि विक्री वेगळी ठेवणं हा तिचा कणा आहे. शिवाय सवलतीला भुलून येणार कोण? ज्याला तुमचा माल घ्यायचाच आहे तो. ज्याने तुम्हाला सोडलं त्याचं मत तुम्हाला हवं होतं.

सोडत काढली तर स्वस्तात होईल?

स्वस्तात होईल, पण परिणामही स्वस्तच. उत्तर दिल्यावर कदाचित मिळेल, हे आश्वासनापेक्षाही पातळ. त्यावर सोडतीचे कायदे देशादेशांत वेगळे, काही ठिकाणी नोंदणी लागते. काढायचीच तर कधी, किती बक्षिसं, कोण पात्र हे आधी जाहीर करा, आणि सोडत खरोखर काढा.

त्यांच्या नावाने धर्मादाय संस्थेला देणगी?

ज्यांना कंपनीच्या नियमांमुळे स्वतः काही घेता येत नाही त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे. सगळ्यांसाठी एकमेव पर्याय म्हणून मात्र त्याने प्रतिसाद फारसा हलत नाही. माणसाचा वेळ घेऊन त्याचं पुण्य आपण ठरवायचं, हे जरा विचित्रच.

समोरची व्यक्ती नोकरदार आहे. पैसे तिला द्यायचे की तिच्या कंपनीला?

इथे घाई करू नका. ग्राहकांच्या सर्वेक्षणात आणि व्यवसाय-संशोधनात खरा फरक इथेच आहे. घरगुती वापराबद्दल बोलणारा माणूस स्वतःबद्दल बोलतो. खरेदी विभागाचा व्यवस्थापक कंपनीबद्दल बोलतो, बहुधा कंपनीच्या वेळेत, आणि कदाचित तुम्हाला माल विकायचा आहे अशाच कंपनीबद्दल.

तेव्हा निमंत्रणातच लिहा की तुमच्या संस्थेच्या भेटवस्तूंविषयीच्या नियमांत हे बसत असेल तरच स्वीकारा, आणि नसेल तर सांगा, आपण दुसरी सोय करू. पैसे घरच्या पत्त्यावर गुपचूप पाठवायला सांगणाऱ्याशी जपून वागा. तुमच्या निविदेवर, परवान्यावर किंवा कंत्राटावर निर्णय घेणाऱ्याला त्या काळात काहीही देऊ नका, संशोधनाच्या नावाखालीसुद्धा. अमेरिकेचा परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा कायदा १९७७ चा आहे आणि ब्रिटनचा लाचविरोधी कायदा २०१० चा. ब्रिटनच्या कायद्यात खासगी क्षेत्रातली लाचही येते, आणि दोघांचेही हात आपापल्या सीमेबाहेर पोहोचतात. सरकारी अधिकाऱ्याला मुलाखतीबद्दल मानधन द्यायचं की नाही, हा प्रश्न मनात आलाच असेल तर उत्तर ‘नाही’ हे धरून चाला आणि लेखी परवानगी असेल तरच बदला.

प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाशी पैसे देऊन बोललं तर चालतं?

सामान्य बाजाराबद्दल, त्याच्या पेशाबद्दल, जाहीर झालेल्या गोष्टींबद्दल बोलता येतं. त्याच्या कंपनीचे न छापलेले दर, ग्राहकांची यादी, पुढच्या तिमाहीचे आकडे, याबद्दल नाही. पैसे दिल्यामुळे ती माहिती ‘संशोधन’ होत नाही. उलट पैशांची नोंद हाच पुरावा ठरतो. २०१० च्या आसपास अमेरिकेत गुंतवणूकदारांशी जाणकारांची गाठ घालून देणाऱ्या सेवांमार्फत कंपन्यांच्या आतल्या बातम्या विकल्या गेल्या आणि त्यात सल्ला देणारे व घेणारे दोघांनाही शिक्षा झाल्या. मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा: गोपनीय काही सांगू नका, चुकून निघालं तर मी थांबवेन. आणि खरंच थांबवा. टिपण घेणाऱ्याचा हात तेव्हा आपोआप वेगाने चालू लागतो, म्हणून म्हणतो.

पैशांसाठी लोक खोटी ओळख सांगून येतात. काय करावं?

येतात, आणि व्यवसाय-संशोधनात जास्त येतात, कारण इथे रकमा मोठ्या. ‘तुम्ही पन्नासपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर खरेदीचा निर्णय घेता का?’ असा प्रश्न विचारून रक्कम समोर ठेवली तर जगातला प्रत्येकजण सॉफ्टवेअर खरेदी करतो.

पात्रतेचे प्रश्न असे विचारा की हवं ते उत्तर कळू नये. कामाच्या आठ-दहा जबाबदाऱ्यांची यादी द्या आणि लागू त्या निवडायला सांगा. सगळ्याच निवडणारा बहुधा तुमचा माणूस नाही. अस्तित्वातच नसलेलं एखादं उत्पादन यादीत घाला. त्या पेशातल्या माणसाला सहज देता येईल आणि बाहेरच्याला शोधावं लागेल असं एक उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा, आणि ते लिहायला किती वेळ लागला तेही पाहा. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेली गुळगुळीत उत्तरंही येतात. खऱ्या माणसाच्या उत्तरात एखादा संक्षेप, एखादी तक्रार, एखाद्या जुन्या मशीनचं नाव असतं. मोठ्या रकमेच्या मुलाखतीआधी पाच मिनिटांचा फोन हा अजूनही सर्वात स्वस्त उपाय आहे.

आणि रक्कम निमंत्रणाच्या मथळ्यात टाकू नका. विषय आधी, वेळ मग, रक्कम शेवटी.

पैसे घेतल्यावर लोक गोड गोड बोलतात का?

ही भीती रास्त आहे, पण पैशांपेक्षा पैसे कोण देतो आहे हे कळण्याचा परिणाम जास्त होतो. मोबदल्यामुळे उत्तरांचा दर्जा घसरतो असं संशोधनात सहसा दिसलेलं नाही. म्हणून शक्य तिथे कंपनीचं नाव मुलाखत संपेपर्यंत उघड करू नका. शेवटी विचारलं तर सांगा. कंपनीतल्याच माणसाने मुलाखत घ्यायची असेल तर सुरुवातीला एक वाक्य पुरतं: ‘हे मी बनवलेलं नाही, त्यामुळे नावं ठेवलीत तरी मला वाईट वाटणार नाही.’ (खोटं असेल तर म्हणू नका. कळतं.)

मध्येच सोडून गेल्यास?

मुलाखत असेल तर पूर्ण द्या. वैद्यकीय आणि सामाजिक संशोधनाच्या नीतिनियमांना वळण देणाऱ्या १९७९ च्या बेलमाँट अहवालात सहभाग स्वेच्छेचा हवा आणि त्यावर अवाजवी दडपण नको हे ठामपणे मांडलं आहे. ‘शेवटपर्यंत थांबलात तरच’ ही अट तसंच दडपण आणते. तुमच्या बाजूने मुलाखत रद्द झाली तरीही द्या. ऑनलाइन प्रश्नावलीत पूर्ण केल्यावर देणं रूढ आहे, ते आधी सांगितलं असलं की झालं. मात्र वीस प्रश्न विचारून घेतल्यावर ‘तुम्ही पात्र नाही’ म्हणणं ही फसवणूक आहे, तिला दुसरं नाव नाही.

एकाला जास्त, दुसऱ्याला कमी दिलं तर?

कारण सांगता येत असेल तर द्या: जास्त वेळ, दुर्मीळ कौशल्य, लांबचा प्रवास. ते एकमेकांशी बोलतील असं गृहीत धरा. एका पेशातली माणसं नेहमी बोलतात. ‘ज्याने घासाघीस केली त्याला जास्त’ हे कारण तुम्हाला त्यांच्यासमोर उच्चारता येणार नाही.

पैसे पाठवायला नाव, पत्ता, बँक खातं लागतं. मग उत्तरं निनावी कशी राहतील?

दोन वेगळ्या याद्या ठेवा आणि त्यांच्यात दुवा ठेवू नका. प्रश्नावली संपली की दुसऱ्या वेगळ्या फॉर्मवर न्या, तिथेच पैशांचे तपशील घ्या. हिशेब विभागाला उत्तरं दिसू नयेत, विश्लेषकाला नावं दिसू नयेत. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमांचा आग्रहही हाच आहे: लागते तेवढीच माहिती, ठरलेल्या कामासाठीच, गरज संपेपर्यंतच. हिशेबासाठी काही नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्या लागतात. त्या नोंदीत ‘अमुक उत्पादनाबद्दल नाराज ग्राहकांची मुलाखत’ असा तपशील लिहू नका. ‘संशोधन मानधन’ पुरे.

यावर कर लागतो का?

बहुतेक ठिकाणी ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं, आणि ठरावीक रकमेपुढे देणाऱ्यालाही कळवावं लागतं. तुमच्या देशातली मर्यादा लेखापालाला विचारा आणि कर-क्रमांक लागणार असेल तर तो मुलाखतीआधी सांगा. बोलून झाल्यावर कर-क्रमांक मागितला की माणूस हबकतो.

किती दिवसांत द्यायचं?

त्याच दिवशी. फार तर दोन दिवसांत. ‘आमच्या वित्त विभागाची प्रक्रिया पंचेचाळीस दिवसांची आहे’ हे कारण पुरवठादाराला चालतं, तुमच्यासाठी दुपार मोकळी ठेवलेल्या माणसाला नाही. मोठ्या संस्थांत हे अवघड असतं हे मला माहीत आहे. उपाय असा की प्रकल्प सुरू होण्याआधीच रक्कम वेगळी काढून ठेवायची, किंवा गिफ्ट कार्डं आधी विकत घ्यायची. ज्याच्या हातात देण्याचा अधिकार आहे अशी एक व्यक्ती नेमा आणि तिचं नाव, फोन सहभागींना द्या.

कोणी घ्यायला नकार दिला तर?

एकदा विचारा, दुसऱ्यांदा आग्रह करू नका. नोंदीत ‘नाकारले’ असं लिहा, म्हणजे वर्षअखेरीला ती रक्कम कुठे गेली याचा शोध लागत बसत नाही. आणि निष्कर्ष तयार झाले की त्यांना सगळ्यात आधी पाठवा.